परदेशातील घरकाम आणि व्हिसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात या सदरात परदेशी बांधकामावर जाणाऱ्या कारागिरांच्या कागदपत्रांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत घरकाम, स्वयंपाक, बाळाची देखभाल आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींची पत्रे सर्वांत अधिक होती. काही पत्रे त्यांच्या मुलामुलींनी लिहून दिली आहेत. विनंतीनुसार कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : माझे वय ४४ असून धरमपेठेतील एका घरी मी सात वर्षांपासून स्वयंपाक व वरकाम करते. मालकीणबाईंचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहतो आणि त्याला ग्रीन कार्ड मिळाले आहे. सुनेचे बाळंतपण जवळ आल्यामुळे मला सहा महिन्यांसाठी तिकडे न्यायचे म्हणतात. व्हिसा फिरायला जाण्याचा काढायचा आणि मुलाखतीत मी त्यांची नातेवाईक आहे असे सांगायचे, असा त्यांचा सल्ला आहे. महिन्याला चाळीस हजार रुपये देणार आहेत. आजवरचा पगार रोखीतच मिळाला. मी जावे काय? — एक भगिनी, मानेवाडा

उत्तर : ताई, या पद्धतीने जाऊ नका. आपल्या मालकीणबाईंच्या मनात वाईट हेतू असेलच असे मी म्हणत नाही. अनेक घरांत ही गोष्ट भाबडेपणाने बोलली जाते. परंतु वकिलातीच्या खिडकीवर खोटे सांगितल्याचे उघड झाले तर त्याचे फळ तुम्हाला भोगावे लागेल, मालकीणबाईंना नव्हे. अमेरिकेच्या कायद्यानुसार व्हिसासाठी महत्त्वाची बाब खोटी सांगणाऱ्या व्यक्तीला पुढे कायमचे अपात्र ठरवता येते. सात वर्षांच्या प्रामाणिक कामानंतर असा डाग आपल्या नावावर का लावून घ्यावा?

आता कायद्याची बाजू पाहू. घरगुती कामगाराला अमेरिकेत नेण्यासाठी बी-१ या प्रकारचा व्हिसा असतो, पण तो मिळेल की नाही हे मुख्यतः मालक तिकडे कोणत्या नात्याने राहतो यावर ठरते. मालक एच-१बी, एल, एफ, जे अशा (नोकरी, बदली, शिक्षण इत्यादींसाठीच्या) मुदतीच्या व्हिसावर असेल, किंवा स्वतः बी व्हिसावर पाहुणा म्हणून जात असेल, तर तो अटी पाळून आपल्या घरच्या कामगाराला सोबत नेऊ शकतो. परदेशात कायम राहणारा किंवा नोकरीनिमित्त बाहेर असून काही काळासाठी मायदेशी बदलून येणारा अमेरिकी नागरिकही नेऊ शकतो. मात्र ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीला या व्हिसावर घरकामगार नेता येत नाही, आणि अमेरिकेतच कायम राहणाऱ्या नागरिकालाही नाही. आपल्या पत्रातील मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे त्याच्या घरी कामासाठी हा मार्ग बंद आहे. नागपुरातील अनेक कुटुंबांना नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते. 'आता तर त्याला ग्रीन कार्डच मिळाले, आता काय अडचण' असे त्यांना वाटते, आणि घडते उलटे.

दुसरी गोष्ट अशी की आपला मालक तो मुलगा नाही. आपण काम करता धरमपेठेतील घरी. मुदतीच्या व्हिसावरील मालकाच्या बाबतीत कामगाराने त्याच मालकाकडे किमान एक वर्ष काम केलेले असावे लागते. तसे नसल्यास मालकाने अनेक वर्षे घरी नोकरमाणसे ठेवलेली असल्याचा पुरावा, आधीपासूनचे मालक-कामगार नाते आणि कामगाराचा इतरत्रचा एक वर्षाचा अनुभव दाखवावा लागतो. उद्या मालकीणबाई स्वतः वयोमानामुळे मदतनीस म्हणून आपल्याला सोबत नेऊ लागल्या, तर आपले सात वर्षांचे नाते खरे असल्याने अर्ज सरळ मार्गाने करता येईल; पण तिथे आपण काम त्यांचे करायचे, सुनेच्या बाळाचे रात्रंदिवस करायचे नाही, आणि करारातही तेच असले पाहिजे.

कराराविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळे त्यावरच उभे आहे. तो लेखी असावा, दोघांच्या सह्या व तारीख असावी, आणि कामगाराला इंग्रजी समजत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेतही असावा. म्हणजे आपल्यासाठी मराठीत. त्यात राहणे-जेवणे मोफत, जाण्यायेण्याचे विमानभाडे मालकाचे, कामाचे तास ठरलेले, पासपोर्ट कामगाराजवळ, कामाच्या वेळेनंतर घरात थांबण्याची सक्ती नाही, आणि तिथले किमान किंवा त्या भागात प्रचलित असलेले, यांपैकी जे अधिक ते वेतन, या बाबी लागतात. न्यू जर्सीत किमान वेतन तासाला १५ डॉलरांहून अधिक आहे. आठ तासांचे १२० डॉलर धरले तरी महिन्याच्या बावीस दिवसांचे दोन लाख रुपयांहून पुढे जातात. चाळीस हजारांचा आकडा यापुढे ठेवून पाहा. शिवाय अमेरिकेत उतरल्यावर काम सुरू करण्याआधी तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडून कामाचा परवाना काढावा लागतो.

'व्हिसासाठी एक करार आणि आपसात वेगळा करार' असे कोणी सुचवले तर तिथूनच परत फिरा. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारताच्या एका महिला राजनैतिक अधिकाऱ्यांना अटक झाली, ती याच आरोपावरून : व्हिसासाठी दाखवलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. त्या अधिकाऱ्यांनी आरोप नाकारले, दोन देशांत मोठा वाद झाला, पण कराराच्या कागदाला तिथे किती वजन आहे ते त्या वेळी सर्वांना दिसले. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरकामगारांसाठी ए-३ आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतील अधिकाऱ्यांच्या घरकामगारांसाठी जी-५ हे वेगळे व्हिसा आहेत. त्यांच्या अर्जदारांना अमेरिकेच्या २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्यानुसार वकिलातीतील अधिकाऱ्याने मालकाच्या गैरहजेरीत एकटे भेटून हक्कांची माहिती द्यायची असते.

बी-१ चे अर्जशुल्क १८५ डॉलर असून व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते आणि तिथे मराठीतून उत्तरे देता येतात, हे लक्षात असू द्यावे. रात्रभर दुरांतोने प्रवास करून पोहोचलेल्या बाईला पाठ केलेले खोटे इंग्रजीतून सांगावे लागू नये, खरे ते मराठीत सांगता यावे.

शेवटी पगाराची बाब. येत्या महिन्यापासून पगार बँक खात्यात घ्या. सात वर्षांच्या कामाचा दाखला मालकीणबाईंकडून तारखेसह लिहून घ्या. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ खालील नोंदणी नसेल तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन करून घ्या. तिच्यासाठीही मालकाचे प्रमाणपत्र लागतेच, त्यामुळे एकाच खेपेला दोन कामे होतील. परदेशी जाणे झाले नाही तरी हे कागद वाया जाणार नाहीत.

प्रश्न : मी २७ वर्षांची असून नववीपर्यंत शिकले आहे. ओळखीतल्या एका माणसाने कुवेतमध्ये घरकामाची नोकरी देतो म्हणून ८०,००० रुपये मागितले आहेत. आधी दुबईचा फिरण्याचा व्हिसा काढायचा, तिथून पुढे कुवेतचा कागद येतो असे तो सांगतो. — एक भगिनी, उत्तर नागपूर

उत्तर : पैसे दिले नसतील तर देऊ नका, दिले असतील तर पावती, फोनवरील संदेश आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी आजच एका जागी गोळा करा.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर', म्हणजे 'उत्प्रवास तपासणी आवश्यक', असा शेरा येतो. असा पासपोर्ट असलेल्यांना कुवेत, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, बहरीन, मलेशिया यांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्यांची परवानगी लागते. उत्प्रवास अधिनियम, १९८३ हा त्याचा आधार. यात स्त्रियांसाठी आणखी दोन अटी आहेत. वय किमान ३० हवे, आणि ऑगस्ट २०१६ पासून त्यांची भरती खाजगी एजंटामार्फत नव्हे तर सरकारी भरती संस्थांमार्फतच व्हायला हवी. केरळची नोर्का रूट्स व ओडेपेक, तेलंगणाची टॉमकॉम या अशा संस्था आहेत. आपले वय २७ आहे. तेव्हा कुवेतच्या घरकामासाठी आपल्याला आज कायदेशीर परवानगी मिळू शकत नाही, आणि हे तो माणूस पक्के जाणतो. म्हणूनच तो दुबईच्या फिरण्याच्या व्हिसाची वाट दाखवतो, कारण पर्यटनाला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही.

या वाटेने गेलेल्या बाईचे नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट या संगणकीय व्यवस्थेत कामगार म्हणून कुठेच नसते. तिचा नोंदलेला करार नसतो, विमा नसतो, आणि फिरण्याच्या व्हिसावर काम करणे हा तिथल्या कायद्याने तिचाच गुन्हा ठरतो. मालकाने मारले किंवा पगार दिला नाही तरी पोलिसांकडे जायची तिला भीती वाटते. एजंटाचा सगळा धंदा या भीतीवर चालतो.

दोन वर्षांपूर्वी इतवारीतून एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. साडीच्या दुकानाच्या पिशवीत त्यांनी सगळे कागद जपून आणले होते : आधार कार्डाच्या पाच झेरॉक्स प्रती, पासपोर्टच्या आकाराचे फोटो, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी न घालता ठेवलेला अरबी भाषेतील व्हिसाचा कागद. रुग्णालयात साफसफाईचे काम आहे, आठ तासांची पाळी आहे, असे त्यांना सांगितले गेले होते. अरबी वाचणाऱ्या एका परिचितांना तो कागद दाखवला. त्यांनी व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि तिथे घरगुती कामगार असे लिहिले असल्याचे सांगितले. मालक म्हणून रुग्णालयाचे नव्हे, एका खाजगी व्यक्तीचे नाव होते. बाई बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. त्यांनी गळ्यातले मोडून ६०,००० रुपये दिले होते. त्या गेल्या नाहीत, पण पैसेही पूर्ण परत आले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगतो की व्हिसाचा कागद हाती आला की व्यवसाय आणि मालक हे दोन रकाने कोणाकडून तरी, एजंटाव्यतिरिक्त कोणाकडून तरी, वाचून घ्या. कुवेतमध्ये तर कलम १८ चा व्हिसा खाजगी आस्थापनांचा आणि कलम २० चा घरकामगारांचा, असा फरक आहे.

नोंदणीकृत भरती एजंटांची यादी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यांनाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेण्याची मुभा नाही, आणि घरकामासाठी ईसीआर पासपोर्टच्या स्त्रीची भरती तर त्यांनीही करायची नाही. नोंदणी नसताना भरती करणे हा १९८३ च्या कायद्याखाली गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देताना 'पैसे बुडवले' एवढेच न लिहिता 'नोंदणी नसताना परदेशी नोकरीसाठी भरती केली' हे वाक्य अवश्य लिहा, कारण त्यावाचून प्रकरण साध्या उसनवारीत मोडीत निघते.

तीस वर्षे पूर्ण झाल्यावर जायचेच असेल तर तीन वर्षे हातात आहेत. दहावीची परीक्षा बाहेरून देऊन उत्तीर्ण झालात, तर पासपोर्टवरील शेरा काढून घेता येतो. मात्र शेरा निघाला म्हणजे तिथला धोका निघाला असे नव्हे; सरकारी तपासणी जाते, आणि मग करार स्वतःच अधिक काळजीने पाहावा लागतो. कुवेतच्या २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगाराला दिवसाला बारा तासांची कमाल मर्यादा, आठवड्याची सुटी, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा आणि सेवा संपताना दर वर्षामागे एक महिन्याचे वेतन दिले आहे. हा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाईला फसवणे कठीण जाते.

प्रश्न : आम्ही रामदासपेठेत राहणारे वृद्ध दांपत्य असून पाच महिन्यांसाठी मुलीकडे इंग्लंडला जाणार आहोत. माझ्या पत्नी चाकाच्या खुर्चीवर असतात. तीन वर्षांपासून त्यांचे सगळे करणाऱ्या बाईंना सोबत नेता येईल काय? — एक वाचक

उत्तर : येईल. ब्रिटनमध्ये यासाठी परदेशी घरकामगारांचा स्वतंत्र व्हिसा आहे. कामगाराने आपल्याकडे किमान एक वर्ष काम केलेले असावे, मालक ब्रिटनबाहेर राहणारा व सहा महिन्यांहून अधिक न थांबणारा असावा, या मुख्य अटी आपण पूर्ण करता. व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि वाढवून मिळत नाही. एक वर्षाच्या कामाचा पुरावा म्हणून पगाराच्या बँक नोंदी व आपले पत्र लागेल. कामाच्या अटींचे विवरणपत्र दोघांनी सही करून अर्जासोबत जोडावे लागते.

आपण पत्रात लिहिले आहे की बाई 'घरच्यासारख्याच आहेत', म्हणून वेगळ्या पगाराचा प्रश्न येत नाही. आपल्या भावनेचा मी आदर करतो, पण इथे मी आपल्याशी सहमत नाही. मालकाच्या घरात कुटुंबातल्या माणसासारखे राहणाऱ्या कामगाराला किमान वेतन न देण्याची जी सवलत ब्रिटनच्या कायद्यात होती, ती १ एप्रिल २०२४ पासून काढून टाकली आहे. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले, आणि ते दरवर्षी एप्रिलमध्ये बदलते. पाच महिन्यांचा हा खर्च आपल्याला झेपणार आहे का, हे अर्जापूर्वीच कागदावर मांडून पाहावे. झेपत नसेल तर तिथे काही तासांची मदत घेणे अधिक प्रामाणिक होईल.

बाईंना आणखी एक गोष्ट सांगावी, आणि ती आपणच सांगावी : तिथे गेल्यावर त्यांना व्हिसाच्या मुदतीत मालक बदलण्याचा हक्क आहे. २०१२ मध्ये हा हक्क काढून घेतला गेला होता, तो २०१६ मध्ये परत मिळाला. त्यांचा पासपोर्ट त्यांच्याच पर्समध्ये राहू द्या, आपल्या फाइलमध्ये नव्हे.

प्रश्न : मी बारावी उत्तीर्ण असून वय ३५ आहे. आजारी माणसांची देखभाल करते. सिंगापूर किंवा हाँगकाँगला जाता येईल काय? — एक भगिनी, नंदनवन

उत्तर : दोन्हीकडे भारतीय स्त्रियांना घरकामगार म्हणून जाता येते आणि ही दोन्ही ठिकाणे ईसीआर यादीत नाहीत. सिंगापूरला प्रथमच जाणाऱ्या स्त्रीचे वय २३ ते ५० च्या दरम्यान आणि किमान आठ वर्षांचे शालेय शिक्षण लागते, तेव्हा आपण पात्र आहात. कामाचा परवाना मालक काढतो, पोहोचल्यावर एक दिवसाचे प्रशिक्षण असते, दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते. आठवड्याला एक सुटी असते, आणि जानेवारी २०२३ पासून महिन्यातली किमान एक सुटी पैसे देऊनही काढून घेता येत नाही. तिथल्या एजन्सीला आपल्याकडून दर करारवर्षामागे एका महिन्याचा पगार व एकूण दोन महिन्यांचा पगार यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. हाँगकाँगमध्ये सरकारने ठरवलेला दोन वर्षांचा छापील करारच चालतो, मालकाच्या घरीच राहावे लागते, आणि करार संपला किंवा तुटला की साधारणपणे दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडावे लागते. घरकामाच्या अनुभवाचे दाखले तिथे कसून पाहतात. रुग्णांच्या घरच्यांकडून ते आताच घेऊन ठेवा. नंतर लोक घरे बदलतात, फोन लागत नाहीत.

प्रश्न : माझी आई चौदा महिन्यांपूर्वी रियाधला घरकामासाठी गेली. पाच महिन्यांपासून पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे आहे, फोन आठवड्यातून एकदा पाच मिनिटे देतात. तिने घर सोडून निघून यावे काय? — एक मुलगी, कामठी

उत्तर : पत्र मिळताच आपल्याला वेगळे उत्तर कळवले आहे, इतरांच्या उपयोगासाठी त्यातला भाग इथे देतो.

जिवाला धोका नसेल तर तयारीवाचून घर सोडू नये. कामगार निघून गेल्याची नोंद मालकाने केली की ती कामगार बाईच बेकायदेशीर ठरते. सौदीने मार्च २०२१ मध्ये नोकरी बदलण्याचे व देश सोडण्याचे नियम सैल केले, पण त्यातून घरकामगारांना वगळले. मारहाण किंवा त्याहून वाईट काही होत असेल तर मात्र थांबू नये. सरळ भारतीय दूतावास गाठावा. अडचणीतल्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी व परतीच्या तिकिटासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो.

आपण इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर आईच्या नावाने तक्रार नोंदवू शकता, आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा क्रमांक चोवीस तास चालतो. आई परवानगी घेऊन रीतसर गेली असेल तर तिची प्रवासी भारतीय विमा योजना असेल. तीत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यासाठी १० लाखांचे संरक्षण आहे. पगार त्यातून मिळत नाही, पण विम्याची पावती ही ती रीतसर गेल्याची खूण ठरते, म्हणून घरात शोधा.

पुढच्या फोनच्या पाच मिनिटांत रडण्यात वेळ जाऊ देऊ नका, हे मला लिहितानाही जड जाते. आधी विचारायच्या गोष्टी वहीत लिहून ठेवा : मालकाचे पूर्ण नाव व फोन, घराचा पत्ता किंवा जवळची मशीद, शाळा, दुकान यांची नावे, इकाम्यावरील (तिथल्या निवास परवान्यावरील) क्रमांक, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा व किती. फोनमध्ये जागा कळवण्याची सोय असेल तर ती कशी दाबायची ते आईला समजावा. पासपोर्टची झेरॉक्स प्रत आईने जाण्यापूर्वी देवघराच्या फळीखाली ठेवल्याचे आपण लिहिले आहे. त्या प्रतीचा फोटो काढून आजच तक्रारीला जोडा.